भिवराबाईच्या साती आसरा

चुडाव्याचं स्टेशन मागं पडलं, कालव्याची वाट लागली, तशी मेंढरांनी आपणहून पाय उचलले. इतका वेळ रस्त्याकडेच्या प्रत्येक काडीला तोंड लावत रेंगाळणारा कळप आता माना खाली घालून, घरून कुणी बोलावणं धाडल्यासारखा निघाला.

"बगा बाई," भिवराबाई म्हणाली, "पाण्याचा वास लागलाय त्यांना. आता हाकायचं काम न्हाई. आता मागं ऱ्हायची पाळी आपली."

शुभदा तर केव्हाचीच मागं राहिली होती. पूर्णेच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई ती. तिचं चालणं म्हणजे घर ते शाळा, आणि शनिवारी मारुतीचं देऊळ. आज उजाडायच्या आत ती पूर्णेबाहेरच्या माळावर या धनगर नवरा-बायकोच्या मुक्कामावर येऊन उभी राहिली आणि तेव्हापासून त्यांच्या पाठोपाठ चालत होती. चपलेचा अंगठा वाटेतच तुटला. येडबानं, म्हणजे भिवराबाईच्या नवऱ्यानं, घोड्यावरच्या बिऱ्हाडातून आपल्या जादा वहाणा काढून दिल्या. टायरच्या, तिच्या पावलाच्या दुप्पट. पाऊल उचललं की वहाण मागंच राहायची.

"त्यांना म्हणावं घोड्यावर बसा," पुढून येडबाचा आवाज आला. "पातेली जरा सरकवतो मी."

"बसा म्हणं पातेल्यावर! मला कदी बसा म्हणलं न्हाई जलमात."

"तुला कशाला म्हणू? तू बसलीस तर घोडं बसंल."

भिवराबाईनं हातातली काठी त्याच्या दिशेनं उगारली आणि हसली. साठी ओलांडलेली बाई, उन्हानं रापलेली, पण हसली की पुढच्या दोन दातांची फट दिसायची आणि चेहरा एकदम पोरीचा व्हायचा.

परभणीच्या एका पेपरात रविवारच्या पानावर शुभदा साध्यासुध्या बायांविषयी लिहायची. बोरजळ्याच्या भिवराबाईचं नाव बरेच दिवस तिच्या कानावर होतं. गावाबाहेरचं पाणथळ वाचवणारी धनगरीण म्हणून लोक सांगायचे. शुभदानं भेटायचा निरोप धाडला, तर उलट निरोप आला: बसून सांगायला सवड न्हाई, वैशाखात आमी गावाकडं परततो, संगं चाला आन् चालता चालता इचारा.

म्हणून हे चालणं.

भिवराबाईचं माहेर सोनपेठकडचं, गोदावरीच्या काठचं. लग्न होऊन बोरजळ्याला आली, पण सासर म्हणजे घर नव्हतंच, वाटच होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढवायचं, गोदाकाठच्या शिवारांतून फिरायचं, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, त्या लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची. ऊन तापलं की परत बोरजळा. परत यायचं कारण म्हणजे ते पाणथळ. कालव्याचा पाझर गावाच्या खालच्या अंगाला उतरतो आणि तिथली सखल जागा बारा महिने ओली ठेवतो. पुरुषभर उंच पाणकणसं, पायाशी लव्हाळा, मधे मधे पाण्याचे डबरे. गावातले तिला नुसतं 'लव्हाळ' म्हणतात.

"इहिरी तळाला गेल्या, गावाला टँकर लागला, त्या साली बी लव्हाळात पाणी व्हतं," भिवराबाई सांगत होती. "निम्मा कळप मेला असता आमचा. त्या पाण्यानं जगला. आन् पाखरं तर काय सांगू! लाल टांगाचे शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, टिटव्या. हिवाळ्यात लांबून कुठून बदकं येतात म्हणं. ती मातर आमाला कदी दिसली न्हाईत. ती येतात तवा आमी नसतो, आमी येतो तवा ती नसतात. घर एकच, भाडेकरू येगळे."

शुभदाला हे इतकं आवडलं की तिनं मनातल्या मनात दोनदा म्हणून घेतलं.

"मग ते वाचवायची पाळी का आली?"

"कामून म्हंजी? भागवत."

भागवत गावातलाच, वीटभट्टीवाला. लव्हाळातली काळी चिकण माती त्याला विटांना लागायची. आधी कडेकडेनं नेली, मग ट्रॅक्टर आत घालता यावा म्हणून त्यानं पाणकणसं पेटवली. त्या वर्षी भिवराबाईचं बिऱ्हाड परतलं तेव्हा जमीन अजून कोमट होती. काळ्या राखेत ती पाय टाकत गेली आणि एका ठिकाणी थबकली. पाणकोंबडी घरट्यावर बसल्या जागी जळाली होती. उठली नव्हती. भिवराबाईनं काठीच्या टोकानं तिला जरा बाजूला केलं, तर खाली अंडी.

"पळता येत व्हतं की तिला," भिवराबाई म्हणाली. "पंख व्हते."

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि चाल वाढवली.

मग लढाई झाली ती दोघींची, भिवराबाई आणि चतुराबाई. चतुराबाईचं शेत लव्हाळाला लागून. पाझर गेला तर तिची विहीर जाणार होती. दोघी ट्रॅक्टरसमोर आडव्या बसल्या. भागवतनं हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, मग कंटाळून दुसऱ्या बाजूनं आत गेला. दोघी पूर्णेला तहसीलला गेल्या. तिथं एकानं सांगितलं की कागदावर ही जागा पडीक आहे, पडीक जागेचं काय वाचवायचं. दोघी परत आल्या. माती जातच राहिली.

"आन् मग मला सपन पडलं," भिवराबाई म्हणाली.

तिचा आवाज आता बदलला. हे तिनं अनेकदा सांगितलेलं होतं, हे ऐकताना कळत होतं. पहाटेचं सपन. पाण्यातून सात जणी वर आल्या. हिरवी लुगडी, केस मोकळे, हातभर चुडा. साती आसरा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. बाळंतिणीनं त्यांच्या पाण्याला एकटं जाऊ नये, त्यांच्या जागेतलं गवताचं पातं कुणी मोडू नये, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या सात जणी म्हणाल्या, भिवरे, आमचं घर जाळायलेत. सकाळी भिवराबाईनं लव्हाळाच्या कडेला सात दगड मांडले, शेंदूर लावला, हळदीकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या. बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी भागवतची मातीनं भरलेली ट्रॉली लव्हाळातच कलंडली. तो थोडक्यात वाचला.

त्यानंतर कुणी खोरं घेऊन तिथं गेलं नाही. कणीस कापायला गेलं नाही, जाळं टाकायला गेलं नाही. दोन पावसाळ्यांत पाणकणसं पुन्हा उभी राहिली. पाखरं आली.

शुभदाच्या अंगावर काटा आला. घरी देवघरात संध्याकाळचा दिवा लावल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे, आणि देवाबद्दल ती कुणाशी वाद घालत नसे. पण असं काही ऐकलं की तिला आतून समाधान वाटायचं. रविवारचा लेख तिच्या डोक्यात जवळपास लिहून झाला होता.

"सपन लय भारी पडलं व्हतं तिला," येडबा पुढून म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं की काय, ते तिला कळलं नाही.

"तुमी घोडं बगा," भिवराबाई म्हणाली.

कालव्याच्या भरावावर वाट चढते, आणि माथ्यावर पोचलं की खाली लव्हाळ दिसतं. भिवराबाईनं पदराची गाठ सोडून हळदीची पुडी हातात घेतली. परतल्यावर पाण्यात चिमूटभर हळद सोडायची, मग म्होरक्या मेंढीनं तोंड लावायचं, मग बाकीच्यांनी, अशी तिच्या सासूपासूनची रीत. ती झपाझप चढायला लागली. आणि वर माथ्यावर म्होरकी मेंढी उभी राहिली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. सगळा कळप एकमेकांच्या पाठीवर चढत तिथंच थटला.

"आता काय झालं हिला?" म्हणत येडबा वाट काढत पुढं गेला, आणि तोही उभा राहिला.

भिवराबाई वर पोचली. शुभदा तिच्यामागं.

खाली तांबडं मैदान होतं. मुरूम टाकून, दाबून, सपाट केलेलं, ताटासारखं. मधोमध सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी खांब, वर नवे पत्रे. पत्रे उन्हात असे चमकत होते की तिकडं बघवत नव्हतं. शेजारी भगवा झेंडा. एका कडेला पिवळा जेसीबी उभा होता आणि त्याच्या फावड्याला झेंडूची माळ घातलेली होती. कालव्याकडच्या अंगाला मात्र पाणकणसांचा एक तुकडा शिल्लक होता, निम्म्याहूनही कमी, आणि त्याच्यावर टिटव्या घिरट्या घालत ओरडत होत्या. थांबतच नव्हत्या.

भिवराबाई येडबाकडं वळली.

"वाट चुकली का आपली?"

"न्हाई," येडबा म्हणाला.

"दुसऱ्या भरावावर आलो का काय?"

"न्हाई गं."

ती हातातली हळद तशीच धरून उभी राहिली. शुभदानं लव्हाळ पूर्वी पाहिलंही नव्हतं. सकाळपासून ऐकून ऐकून ते तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं होतं, तेवढंच.

खालून कुणीतरी ओरडलं, "आली! भिवरामाय आली!"

धोतराचा सोगा सावरत एक जाडसर माणूस भराव चढून धावत आला. कपाळाला गंध, खांद्यावर पंचा. येऊन त्यानं सरळ भिवराबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. हा भागवत, हे येडबानं शुभदाला हळूच सांगितलं, नसतं सांगितलं तर तिचा विश्वास बसला नसता.

"कुणी सांगितलं तर न्हाई ना तुला?" भागवत धापा टाकत म्हणाला. "म्या सगळ्यांना दम भरला व्हता. म्हणलं मायला कुणी फोन केला तर बगा. तिला इथं येऊनच दिसलं पायजे. कसं झालंय? आँ? बोल की!"

भिवराबाई त्याच्या डोक्यावरून खाली मैदानाकडं बघत होती.

"तुज्या हातानं स्थापना करायची म्हणून थांबलोय आमी. दगड अजून जुन्या जागेवर हायेत, हलवले न्हाईत. आन् हे बग, मेंढरांसाठी हौद बांधलाय. टाकीचं पाणी, नळ हाय. चिखलात उतरायची दगदग न्हाई आता त्यांना."

येडबानं घसा साफ केला. "पाखरं, भागवता? पाखरं व्हती हितं."

"उडून गेली की. एक पाखरू मारलं न्हाई आमी." भागवतनं गळ्याला हात लावला. "देवीची शपथ. जेसीबीवाल्याला आधीच सांगितलं व्हतं, पुढं हलग्या वाजवायच्या, पाखरं उठली की मगच मिशन चालवायची."

मेंढरं तहानेनं थांबेनात. येडबानं त्यांना हौदाकडं वळवलं. ती धावत गेली, तोंडं बुडवली आणि घटाघटा प्यायली. भिवराबाई ते बघत राहिली.

खाली बाया जमल्या होत्या. पुढं होती ती चतुराबाई, ठेंगणी, पांढऱ्या केसांची, हातात आरतीचं ताट. तिनं भिवराबाईच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि तिला मिठी मारली.

"किती वाळलीस गं भिवरे. खायला घालत न्हाई का म्हातारं?"

"चतुरे, हे काय केलंत?"

"आधी दर्शन घे. मग बोल."

सात दगड पत्र्यांच्या सावलीबाहेर, पूर्वीच्याच जागेवर होते, पण आता त्यांच्या चारी बाजूंना मुरूम होता. शुभदाचे हात सवयीनं जोडले गेले. दगडांपुढं एक सूप ठेवलेलं होतं, त्यावर लाल कापड. चतुराबाईनं मोठ्या मायेनं कापड बाजूला केलं.

सुपात कापूस अंथरला होता. कापसावर अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, काही निमुळती, काही गोल. एकेका अंड्याला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं.

"मिशनीच्या पुढं पुढं मीच फिरले," चतुराबाई म्हणाली. "एक बी फुटू दिलं न्हाई. सगळी येचून आणली आन् देवीपुढं ठेवली. म्हणलं, माय, तुजी लेकरं तू सांबाळ."

शुभदानं तोंडावर पदर धरला.

भिवराबाई खाली बसली. तिनं एक अंडं उचललं, तळहातात घेतलं, गालाला लावलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग दुसरं. मग तिनं ती दोन्ही परत कापसावर ठेवली, होती तशी, आणि हात लुगड्याला पुसले. कुंकू पुसलं गेलं नाही.

"भागवता," ती खालूनच म्हणाली, "आसरांना छप्पर लागत न्हाई रं. त्या पाण्यातल्या."

"चतुरामाय बी आधी असंच म्हणली व्हती. पर देवीनंच तिच्या अंगात येऊन सांगितलं."

भिवराबाईनं वर पाहिलं. चतुराबाई लाजल्यासारखी झाली.

"माघातल्या पुनवंला आलं गं अंगात. जलमात पहिल्यांदा. मला काई कळलंच न्हाई, सगळे सांगतात. म्हणाली, उन्हात बसलेय मी. सावली करा."

"आन् माजा नवस व्हता," भागवत म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला. "सृष्टी, माजी नात, तू तर खेळवलीस तिला. नांदेडच्या दवाखान्यात व्हती. डाक्टर म्हणले, आता देवावर. म्या तिथंच, फरशीवर बसून, ह्या सात दगडांचं नाव घेतलं. म्हणलं, तुमची माती म्या चोरली, तुमचं घर म्या जाळलं. पोरगी द्या, घर बांधून देतो." त्यानं पत्र्यांकडं हात केला. "दिली त्यांनी पोरगी. तर दिलं बांधून."

पत्र्यांखाली, ओट्यावर, एक सहासात वर्षांची मुलगी बसून झेंडूच्या पाकळ्या वेगळ्या करत होती. आपलं नाव ऐकून तिनं मान वर केली आणि पुन्हा कामाला लागली.

"ऱ्हायलेलं तेवढं सोमवारी उरकतो," भागवत पाणकणसांच्या तुकड्याकडं बघत म्हणाला. "मुरूमाचे डंपर सांगून ठेवलेत. आखाडात जत्रा भरवायची तर गाड्या लावायला जागा नको?"

टिटव्यांचं ओरडणं इथं जास्तच ऐकू येत होतं. भिवराबाई उठली. तिनं गुडघ्यावर हात टेकले, सावकाश उभी राहिली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"मला सपन पडलं नव्हतं."

भागवत हसला, मग थांबला.

"काय?"

"सपन पडलं नव्हतं. आसरा आल्या न्हाईत, काई न्हाई. तू ऐकत नव्हतास, तहसीलवाले ऐकत नव्हते, म्हणून बोलले मी. दगड म्या मांडले. लबाड बोलले."

शुभदानं येडबाकडं पाहिलं. तो घोड्याच्या पाठीवरची दोरी उगाच सोडत-बांधत होता.

"माय, उन्हातून आलीस तू," एक बाई म्हणाली. "पाणी द्या गं कुणीतरी."

"पाणी नको मला. ऐका. हितं देवी न्हाई. हितं पाणी व्हतं. तुमी बुजवायलात."

भागवतचं तोंड उघडं राहिलं. रंग उडाला त्याचा. तो दगडांकडं बघे, ओट्यावरच्या नातीकडं बघे. शुभदाला त्या क्षणी त्याचीच भीती वाटली. माणूस उभ्या जागी कोसळतो की काय असं वाटलं. आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं. त्यानं हात जोडले.

"परीक्षा घ्यायलीय," तो म्हणाला. "कळलं का तुमाला? देवी बोलायलीय मायच्या तोंडून. बगायलीय, आमी डळमळतो का. न्हाई डळमळणार, आई. सोमवार म्हंजी सोमवार." आणि त्यानं आवाज चढवला, "साती आसरांचा..."

"उदो! उदो!" बाया म्हणाल्या. कुणीतरी हलगी वाजवली. पाणकणसांतून थवाच्या थवा उठला आणि बसायला जागा नाही म्हणून पुन्हा तिथंच खाली उतरला.

भिवराबाई गर्दीच्या मधे उभी राहिली. तिच्या पायांवर डोकी ठेवली जात होती. एकटी चतुराबाई जागची हलली नव्हती. तिनं उदो म्हटलं नव्हतं. आरतीचं ताट छातीशी धरून ती भिवराबाईकडं टक लावून बघत होती. गलबला थोडा ओसरल्यावर ती जवळ आली आणि शुभदाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली:

"मग मपल्या अंगात कोण येतं गं, भिवरे?"

चतुराबाई थोडी थांबली. मग वळली आणि ओट्याकडं निघून गेली.

जेवणं झाली. भिवराबाईनं भाकरी हातात धरली, खाल्ली नाही. मग ती एकटीच भरावावर चढली आणि बाभळीच्या विरळ सावलीत, लव्हाळाकडं पाठ करून बसली. थोड्या वेळानं शुभदा तिच्याजवळ गेली. कालव्याचं पाणी कडेकडेनं शेवाळ हलवत चाललं होतं.

"दगड गोदावरीच्या काठचे हायेत," भिवराबाई म्हणाली. "सोनपेठच्या खालून येचले. घोड्यावर आणले, पिठाच्या पोत्यात. ह्यांनी शेंदूर कालवला. आमचं हसून हसून पोट दुखलं त्या दिवशी."

"आणि ट्रॉली?"

"चिखलात भरलेली ट्रॉली घातली तर कलंडंलच की, बाई. देवी कशाला लागती त्याला?"

शुभदा खाली बघत होती. तिला जे म्हणायचं होतं ते सकाळपासूनच्या चालण्यापेक्षा जड वाटत होतं. "मावशी, तुम्ही मांडले हे खरं. पण तसं करायचं तुमच्या मनात कुणी घातलं? ते पाणी राहिलं, ती मुलगी वाचली. सगळंच खोटं कसं म्हणू मी?"

"ते तुमी देवळात इचारा," भिवराबाई एकदम चिडून म्हणाली. "मला सोमवारचं सांगा. तिकडं त्या तुकड्यात किती घरटी असतील आत्ता? निम्म्या लव्हाळाची पाखरं तिथं कोंबून बसलीत. चतुरा पुन्हा सूप घेऊन फिरंल. कुंकू लावंल."

शुभदाला पुन्हा तो कापूस दिसला.

"भागवतला खरं पटलं," ती कशीबशी म्हणाली, "तर तो पुन्हा माती न्यायला येणार नाही कशावरून? भीती होती म्हणून तर थांबला होता."

"येऊ द्या. माती नेली तर डबरं पडतं. डबऱ्यात पाणी तर साचतं. मुरूमावर काय साचतं? आन् मी हाय की. ट्रॅक्टरापुढं बसले व्हते, पुन्हा बसते."

"गाव तुम्हाला राहू देईल का?"

"न्हाई देणार," भिवराबाई म्हणाली. यावर तिनं आधीच विचार करून ठेवला होता, असं दिसलं. "मेंढरं येशीच्या आत घेणार न्हाईत. चतुरा तोंड बगणार न्हाई. त्या पोरीचा आजा..." ती थांबली. "त्याचं मातर मला लय वाईट वाटतं. पर काय करू."

खाली पुन्हा हलगी सुरू झाली. स्पीकरमध्ये कुणीतरी फुंकर मारून बघत होतं. येडबा हौदाजवळ मेंढरं मोजत होता, की नुसताच उभा होता. भिवराबाईनं शुभदाच्या मनगटावर हात ठेवला. तळव्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं.

"तुमचं ऐतवारी छापून येतं ना?"

"हो."

"पारावर पेपर मोठ्यानं वाचतात. आमचं म्हातारं सांगतं, छापलंय म्हणलं की भागवत बी गप ऐकतो. मपल्या तोंडचं कुणी ऐकंना आता. तर तुमी लिव्हा. बोरजळ्याचं नाव घालून लिव्हा, माजं नाव घालून लिव्हा. भिवराला सपन पडलंच नव्हतं. दगड कुठून आणले ते लिव्हा, पिठाच्या पोत्याचं लिव्हा, म्हंजी पटंल. मला चांगली म्हणू नका, मायबिय काई म्हणू नका." तिचा हात मनगटावर घट्ट झाला. "आन् बाई, चतुराला लबाड म्हणू नका. तिच्या अंगात येतं ते येतच असंल. लबाड मी एकटी. तेवढं नीट लिव्हा."